खनिजाचं वजन होतं, नफ्याचं का नाही?

आलापल्लीच्या चौकात उभं राहिलं की लोहखनिजाचे ट्रक मोजण्यात अर्थ नसतो, ते संपतच नाहीत. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून निघालेला हा माल. या ट्रकांबद्दल या भागात खूप राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. पण आज मला त्यांच्याविषयी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. प्रत्येक ट्रक काट्यावर चढतो. किती टन माल निघाला याची नोंद होते. लोहखनिजाची दर महिन्याची सरासरी विक्री किंमत इंडियन ब्युरो ऑफ माइन्स जाहीर करतं (त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे), आणि त्या किमतीच्या १५ टक्के रॉयल्टी सरकारजमा होते. कंपनीने स्वतःच्या वहीत कोणती किंमत लिहिली याला फार महत्त्व उरत नाही. शिवाय २०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून रॉयल्टीवर आणखी एक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जाते. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के आहे. सुरजागडचा पट्टा २००७ चा, म्हणून तिथे ३० टक्के.

वजन होतं म्हणजे न्याय होतो असं मी म्हणत नाही. ग्रामसभेची संमती, जंगल, लाल पाण्याने भरणारी शेतं, २०२३ मध्ये तोडगट्टाला महिनोन्‌महिने चाललेलं आंदोलन, हे सगळे प्रश्न रॉयल्टीच्या पावतीने सुटत नाहीत. माझा मुद्दा लहान आहे. डोंगर उचलून आयर्लंडला नेता येत नाही, म्हणून त्याच्यावरचा कर गडचिरोलीत लागतो. जे उचलून नेता येतं त्याचं काय?

मी मूळचा चंद्रपूरचा, नोकरी पुण्यात, एका परदेशी कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. वर्षातून एखादवेळा मित्रांबरोबर या पट्ट्यातल्या आश्रमशाळांचे जुने संगणक दुरुस्त करायला येतो. आलापल्लीहून हेमलकशाकडे वळलं की ट्रक मागे सुटतात आणि जंगल सुरू होतं. पुढे भामरागड, जिथे पामुलगौतम आणि पर्लकोटा इंद्रावतीला मिळतात. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचं गावच बाहेरच्या जगापासून तुटतं, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतं आणि आपण पान उलटतो. मोबाइल मात्र इथेही पोचला आहे. भामरागडच्या बाजारात कुणी व्हिडिओ उघडला तर आधी नागपूरच्या एखाद्या मोटारसायकलच्या दुकानाची जाहिरात दिसते. दुकानदार नागपूरचा, पाहणारा भामरागडचा, जाहिरातीत दाखवलेली वस्तू इथलीच. त्या जाहिरातीचा नफा कोणत्या देशात झाला?

हा प्रश्न भाबडा वाटेल, पण यावर वकिलांची आयुष्यं गेली आहेत. गूगलच्या भारतातल्या कंपनीचाच खटला घ्या. जाहिरातीची जागा विकण्याचे हक्क तिने आयर्लंडमधल्या भगिनी कंपनीकडून घेतले होते, आणि इथे जमलेल्या पैशाचा मोठा भाग ती तिकडे पाठवत होती. प्राप्तिकर खातं म्हणालं, ही रॉयल्टी आहे, त्यावर इथे कर कापा. बंगळुरूच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये खात्याचं म्हणणं मान्य केलं. प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन परत आलं. मधल्या काळात, २ मार्च २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ठरवलं की सॉफ्टवेअरच्या वापरासाठी परदेशी पाठवलेला पैसा रॉयल्टी नव्हे. २०२२ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे कायद्याप्रमाणे कंपनी बरोबर होती. मला इथेच थांबून विचार करावासा वाटतो. करचोरी पकडायला पोलीस लागतात. कायद्याच्या कुशीत बसून कर टाळला जातो तेव्हा पोलिसांचं काही चालत नाही, कायदाच बदलावा लागतो.

जाहिरातीचं बाजूला ठेवू, मी ज्या खुर्चीत बसतो तिथला हिशेब सांगतो. पुणे, बंगळुरू, हैदराबाद इथल्या परदेशी कंपन्यांच्या विकास केंद्रांचा व्यवहार साधारण असा असतो. समजा केंद्राचा वर्षाचा सगळा खर्च, म्हणजे आमचे पगार, इमारतीचं भाडं, वीज, चहा, १०० कोटी झाला. केंद्र आपल्याच परदेशी मालक कंपनीला ११७ कोटींचं बिल पाठवतं. १७ कोटी नफा. त्यावर भारतात साधारण सव्वाचार कोटी कर. आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसापासून मालकी परदेशातल्या कंपनीची, आणि ते जगभर विकून हजार कोटी मिळोत की दहा हजार, पुण्यातला नफा १७ कोटीच. हा १७ चा आकडा मी हवेतून काढला नाही. सरकारच्याच २०१७ च्या नियमांत तो होता. सॉफ्टवेअर विकास केंद्रांनी खर्चावर किती टक्के नफा दाखवला तर खातं प्रश्न विचारणार नाही, हे 'सेफ हार्बर' नियमांत ठरतं. २०१३ मध्ये तो आकडा २० ते २२ टक्के होता. २०१७ मध्ये १७ ते १८ वर आणला.

यात बेकायदा काही नाही, आणि माझ्या वरिष्ठांपैकी कुणी रात्री बॅगा भरून पैसे पळवत नाही. तत्त्व एवढंच: एकाच घरातल्या दोन कंपन्यांनी एकमेकींशी परक्यांसारखा भाव लावावा. परक्याला सॉफ्टवेअर लिहून देणारा ठेकेदार खर्चावर थोडा नफा घेईल, म्हणून आम्हीही तेवढाच घ्यायचा. पण आम्ही परके नाही. त्या सॉफ्टवेअरची कल्पना कधी आमच्याच टेबलावर सुचते, चुका आम्हीच शोधतो, रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर फोन आमचाच वाजतो. कागदावर मात्र आम्ही मजूर आणि मालकीहक्काचा कागद एका कपाटात, अशा देशात जिथे कराचा दर कमी आहे. ॲपलच्या आयर्लंडमधल्या कंपन्यांचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलं असेल. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये १३ अब्ज युरोंचा बुडालेला कर वसूल करायला सांगितलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. गंमत अशी की आयर्लंडच हा पैसा घ्यायला तयार नव्हता आणि आयोगाविरुद्ध भांडत होता.

आपल्या वाचकांना या प्रकारासाठी नवा शब्द शिकायची गरज नाही. जकातीच्या चर्चेत 'हीला' आपण ऐकलेला असतो. वर्ष पुरं व्हायच्या आदल्या दिवशी माल बायकोच्या नावावर, पुढचं वर्ष पुरं व्हायच्या आधी पुन्हा नवऱ्याच्या नावावर. दोघांपैकी कुणाकडेच वर्ष पुरं होत नाही, आणि जकात कधीच लागू होत नाही. सहीह बुखारीत हील्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे युक्ती किती जुनी आहे ते बघा. बायकोच्या जागी केमन बेटं घाला.

केमन बेटं उगीच आठवली नाहीत. मुंबईतली हचिसन एस्सार ही मोबाइल कंपनी २००७ मध्ये व्होडाफोनने घेतली तेव्हा नेमकं तेच झालं. भारतातला एकही शेअर भारतात विकला गेला नाही. केमन बेटांवरच्या सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स नावाच्या कंपनीचा शेअर विकला गेला, सुमारे ११ अब्ज डॉलरला, आणि त्याच्यामागे साखळीने भारतातले टॉवर, ग्राहक, परवाने सगळं हातबदल झालं. प्राप्तिकर खात्याने सुमारे ११ हजार कोटींची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालय सप्टेंबर २०१० मध्ये खात्याच्या बाजूने गेलं, सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ ला ते उलटवलं. त्यावर सरकारने कायदा बदलला, तोही मागच्या तारखेपासून. पुढे हेगच्या लवादाने सप्टेंबर २०२० मध्ये भारताविरुद्ध निर्णय दिला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ती मागच्या तारखेची तरतूद मागे घेतली. या आणि केर्नसारख्या प्रकरणांत मिळून आठ हजार कोटींहून अधिक रक्कम परत करावी लागली.

या प्रकरणात मला दोन्ही बाजूंचा राग येतो. मागच्या तारखेचा कर ही चूकच होती. उद्या हाच नियम कामठीच्या विणकराला किंवा एखाद्या ग्रामसभेला लावला तर आपण रस्त्यावर येऊ, मग मोठ्या कंपनीला लावला म्हणून टाळ्या कशाला? पण त्या गोंधळात एक गोष्ट विसरली जाते. २८ मे २०१२ नंतरच्या व्यवहारांसाठी तो नियम आजही उभा आहे: मालमत्ता भारतात असेल तर शेअर केमनला विकला तरी कर भारतात. ते कुणी रद्द केलं नाही, आणि त्यामुळे परदेशी भांडवल पळून गेलं असंही झालं नाही. मॉरिशसच्या १९८२ च्या कराराचंही तसंच. तिथून आलेल्या गुंतवणुकीच्या शेअर विक्रीवर भारतात कर नाही, ही सवलत तीन दशकांहून जास्त चालली. मे २०१६ मध्ये करार बदलला, आकाश कोसळलं नाही.

आता तेंदूपत्त्याकडे येतो, कारण हेमलकशात कराचा विषय काढला की लोक त्याबद्दलच बोलतात. मे महिन्यात पहाटे चारला बायका-पुरुष जंगलात जातात. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात, ही फार मोठी गोष्ट आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा या पानावर १८ टक्के कर बसला. भरणार ठेकेदार, पण लिलावात बोली लावताना कोणता ठेकेदार कर विसरतो? विडीवर तर तेव्हा २८ टक्के बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पानावरचा कर ५ टक्क्यांवर आला, त्याचं स्वागत. पण आठ हंगाम गेले. माडिया बाईने तोडलेल्या पानाचा माग काढून कर कायद्याला तिच्या गावापर्यंत पोचता आलं. तिच्या हातातल्या फोनवरच्या जाहिरातीचा माग काढताना त्याच कायद्याचे पाय डब्लिनमध्ये अडकतात.

एकदा मात्र आपण वजनकाटा लावला होता. २०१६ मध्ये 'इक्वलायझेशन लेव्ही' आली: परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीसाठी दिलेल्या रकमेवर ६ टक्के. नफा कुठे झाला हा वादच नाही, भारतातून किती पैसा गेला ते बघायचं. अगदी रॉयल्टीसारखं. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांच्या विक्रीवर २ टक्क्यांची भर घातली. अमेरिकेने ताबडतोब चौकशी लावली, हा आमच्या कंपन्यांवर अन्याय आहे म्हणाली आणि आयातशुल्काची धमकी दिली. १ ऑगस्ट २०२४ पासून २ टक्के गेले. १ एप्रिल २०२५ पासून ६ टक्केही गेले. संसदेत यावर किती चर्चा झाली हे ज्याने त्याने शोधावं.

या लेव्हीत दोष होते हे खरं. नफा असो वा तोटा, कर सारखाच. आणि कंपन्या तो ग्राहकावर ढकलू शकतात, म्हणजे नागपूरचा दुकानदारच शेवटी भरणार. पण ती तात्पुरती सोय होती, जगाचा समझोता होईपर्यंत. समझोता ऑक्टोबर २०२१ मध्ये झालासुद्धा, १३६ देशांचा. त्याचे दोन भाग होते. पहिला: बड्या कंपन्यांच्या नफ्याचा काही हिस्सा ग्राहक असलेल्या देशांना. दुसरा: जगात कुठेही किमान १५ टक्के कर. पहिला भाग अडकून पडला. दुसऱ्यातून अमेरिकी कंपन्यांना बाजूला ठेवायचं, असं जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी मान्य केलं. ज्यांच्यासाठी पिंजरा बांधला त्यांनाच दार उघडून दिलं. आपण लेव्ही सोडली आणि बदल्यात जे मिळणार होतं ते मिळालं नाही.

दरम्यान घरच्या आघाडीवर काय झालं? २० सप्टेंबर २०१९ ला कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५. सरकारने स्वतःच १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असं सांगितलं होतं. २०१८-१९ मध्ये कंपनी कर ६.६ लाख कोटींच्या आसपास होता, पुढच्या वर्षी तो ५.६ लाख कोटींवर आला. नंतर वाढला, हेही सांगितलं पाहिजे. पण २०२३-२४ मध्ये कंपन्यांचा कर सुमारे ९ लाख कोटी आणि व्यक्तींचा प्राप्तिकर सुमारे साडेदहा लाख कोटी, अशी उलटापालट झाली आहे. माझ्या पगारातून दर महिन्याला कर कापला जातो, मला माझा मेंदू केमन बेटांवर नोंदवता येत नाही. आणि पगार नसलेला माणूस साबण, रिचार्ज, पेट्रोल यांतून भरतोच.

कुणी म्हणेल, कंपन्या सीएसआर करतात की. करतात. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य घातलं, आणि तो देणग्यांच्या बळावर उभा राहिला. देणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण पन्नास वर्षं या तालुक्यातल्या आजाऱ्याचा मोठा आधार देणगीवर चालणारा दवाखाना असावा, याचं श्रेय समाजाला आणि लाज सरकारला. देणगी कुठे द्यायची हे देणारा ठरवतो. कराच्या पैशाने पर्लकोटेवर पूल बांधायचा की नाही हे आपण निवडून दिलेले लोक ठरवतात, आणि त्यांना जाब विचारता येतो. त्यातही एक मेख आहे. कंपनी कायद्याप्रमाणे सीएसआर म्हणजे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. कोणता नफा? भारतात दाखवलेला. वरच्या उदाहरणातल्या केंद्राचा नफा १७ कोटी, म्हणजे सीएसआर ३४ लाख. नफा परदेशी गेला की दानही त्याच्या मागोमाग आटतं. फलक मात्र तेवढाच मोठा लागतो.

यावर उपाय नाही असं नाही. उपाय दिल्लीत एका फायलीत पडून आहे. एप्रिल २०१९ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एका समितीचा अहवाल लोकांच्या हरकतींसाठी जाहीर केला. समितीचं म्हणणं थोडक्यात असं: परदेशी कंपनीचा जगभरातला नफ्याचा दर घ्या, तो तिच्या भारतातल्या विक्रीला लावा, आणि त्यातला भारताचा वाटा विक्री, माणसं आणि मालमत्ता या तीन गोष्टींवरून ठरवा. ऑनलाइन धंदा असेल तर वापरकर्त्यांनाही थोडं वजन द्या. एका प्रोग्रामरच्या नजरेने सांगतो, हे नियम चार ओळींत लिहून होतील. आजच्या किमतींच्या तुलनांची पाचशे पानी प्रकरणं तयार करणाऱ्या सल्लागारांचा धंदा तेवढा बसेल. अमेरिकेतली राज्यं आपसात कंपन्यांचा नफा वाटून घेताना अशीच सूत्रं कित्येक दशकं वापरत आली आहेत. आपल्या जीएसटीतही कर माल वापरणाऱ्या राज्याला जातो. म्हणजे तत्त्व नवं नाही. अहवाल मात्र नियम होऊन बाहेर आला नाही. २०१८ मध्ये 'लक्षणीय आर्थिक उपस्थिती'ची तरतूद कायद्यात घातली, तीही आयर्लंड, सिंगापूरसारख्या देशांशी असलेल्या जुन्या करारांपुढे निष्प्रभ आहे, कारण करदात्याला कायदा आणि करार यांतलं जे सोयीचं ते निवडता येतं.

करार बदलायला वेळ लागेल, समोरचा देश तयार हवा. एक गोष्ट मात्र उद्या करता येईल. बड्या समूहांना कोणत्या देशात किती विक्री, किती माणसं, किती नफा आणि किती कर, याचा देशवार अहवाल आजही खात्याला द्यावा लागतो. भारतात ही अट ६,४०० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या समूहांना आहे. तो अहवाल कुलपात असतो. युरोपीय संघाने जून २०२४ नंतरच्या आर्थिक वर्षांसाठी असे अहवाल उघड करायला लावले आहेत. खाणीतून किती टन निघालं हे ग्रामसभा माहितीच्या अधिकारात मागू शकते. हजारो भारतीयांच्या श्रमावर आणि कोट्यवधी ग्राहकांवर चालणारी कंपनी इथे किती कर भरते, हे त्याच नागरिकाने विचारलं तर ते गोपनीय कसं?

आपली राज्यघटना अनुच्छेद ३९ मध्ये सांगते की संपत्ती मूठभरांकडे साठेल अशी अर्थव्यवस्था राज्याने चालवू नये. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांनी २०२३ मध्ये जागतिक कर कराराचा ठराव आणला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. वाटाघाटी सुरू आहेत, २०२७ पर्यंत मसुदा अपेक्षित आहे, आणि अमेरिका त्यातून उठून गेली आहे. न्यूयॉर्कमध्ये आपला प्रतिनिधी काय बोलतो, हे गडचिरोलीच्या खासदाराला ठाऊक असायला हवं.

म्हणून विदर्भातल्या खासदारांना पाठवण्यासाठी एक पत्र तयार केलं आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मसुदे या अंकासोबत आहेत, सही करून आपल्या खासदारांकडे पाठवा. प्रश्न तीनच आहेत. २०१९ च्या नफा-वाटप अहवालाचं काय झालं? देशवार अहवाल जनतेसाठी कधी खुले होणार? आणि इक्वलायझेशन लेव्ही सोडताना भारताने कुणाकडून, काय घेतलं?